निम्मा डोंगर

कुठेही जायचं ठरलं की आमचे कंडक्टर आप्पा आधी परतीची गाडी ठरवत. "जायाला काय, कुणीबी जातंय. यायाची गाडी हुकली म्हंजे कळतंय," असं म्हणून ते पंचांग बघावं तसं वेळापत्रक बघत. निपाणीत आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. नात्याने ते आमचे कुणी नव्हते, पण मला डोंगर चढायची चटक लावली ती त्यांनीच. पोरीच्या जातीला डोंगरात काय काम, असं माझे वडील एकदा म्हणाले, तर पुढच्या रविवारी आप्पांनी त्यांनाही बरोबर नेलं आणि चांगलं दमवून परत आणलं. त्यानंतर वडिलांनी तो विषय काढला नाही.

चढताना ते नेहमी माझ्या मागे. गाडीतून उतरणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना कानडीत "निधान री, निधान" म्हणजे सावकाश, सावकाश म्हणायची जन्माची सवय. तेच ते मलाही म्हणत. मी पळायला लागले की वैतागत. "डोंगर काय पळून चाललाय व्हय?" असं विचारत.

त्यांचा जीव मात्र गोकाकच्या पलीकडे, एका चुनखडीच्या डोंगरावर होता. त्यांची गाडी दुपारी दोन-अडीच तास त्याच्या पायथ्याच्या गावात थांबे. ड्रायव्हर झाडाखाली ताणून देई आणि आप्पा भाकरी घेऊन वर जात. वर माणसाचा मागमूस नाही, नुसता वारा आणि कुठेतरी शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा. माथ्याची धार लांबलचक, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाता येईल अशी. पण मध्यावर पोचेतो गाडीची वेळ होई आणि ते माघारी फिरत. "इतकी वर्सं त्या डोंगराचं हाफ तिकीटच फाडलंय गं," असं म्हणून हसत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी अख्खी धार चालायचा बेत आखला, तो माझ्यासकट. वहीच्या शेवटच्या पानावर सगळं लिहिलेलं: पहाटेची गाडी कुठली, कुठून चढायचं, जेवायला कुठे बसायचं. माणशी पाण्याच्या तीन बाटल्या, कारण चुनखडी पाणी आत गिळते, वर थेंब ठेवत नाही. मी तोवर बेळगावला बँकेत लागले होते, पिरनवाडीत घर बांधायला काढलं होतं. कधी ऑडिट, कधी स्लॅब, कधी मुलाची परीक्षा. दर वेळी मी फोनवर "पुढच्या रविवारी नक्की" म्हणायची आणि ते "बरं, तारीख बदलतो" एवढंच म्हणायचे. तीन वर्षं त्यांनी तारीख बदलली. मग त्यांना दम लागायला लागला आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं.

दिवाळीनंतर भेटायला गेले तर म्हणाले, जरा बरं वाटलं की जाऊच, तू तेवढी आधी रस्ता बघून ये. डॉक्टरांनी त्यांना जिनासुद्धा बंद केला होता, पण मला नाही म्हणवेना. वहीप्रमाणे मी अलीकडच्या गावातून चढून धारेने चालत जायचं होतं. पण आप्पांनी न पाहिलेला भाग पलीकडचाच, तेवढा बघितला की काम झालं, असा विचार करून मी कार थेट पलीकडच्या टोकाला घातली. तिथे डोंगर नव्हताच. चुनखडीसाठी निम्मा कापून नेला होता. खाली मोठा पांढरा खड्डा, त्यात डंपर, आणि आजूबाजूच्या बाभळींवरही पांढरी धूळ. मी दहा मिनिटं उभी राहिले आणि कार वळवली.

संध्याकाळी आप्पा वही मांडीवर घेऊन बसले होते. पलीकडचं कसं आहे, असं त्यांनी विचारलं. मी सांगायला लागले, ते सगळं खोटं. कमरेएवढं गवत, एक वड, लांबवर नदी. बोलता बोलता वाहवत गेले आणि एक झराही सांगून बसले. आप्पांनी पेन्सिल घेतली.

"मग एकच बाटली बास," म्हणाले, आणि तीनवर काट मारून तिथे एक लिहिलं.

महिन्याभरात ते गेले. तेराव्याला सगळी पांगल्यावर काकू, म्हणजे आप्पांची बायको, माझ्याजवळ येऊन बसल्या.

"दिवाळीच्या आधी ह्यांचा जुना डायवर आलता बघ," त्या म्हणाल्या. "डोंगर तोडला म्हणून सांगून गेला. दोन दिवस धड जेवले न्हाईत."

मग मला कशाला पाठवलं, असं मी कसंबसं विचारलं.

"मीबी तेच इचारलं. म्हणले, माझं ऱ्हायलं ते ऱ्हायलं. उरलाय तेवढा तरी तिनं चालून बघावा, उद्या त्योबी न्हाय ऱ्हायाचा." मग त्यांनी पदराने डोळे पुसले. "चाललीस न्हवं? कसा हाय गं त्यो डोंगर? मला कधी न्हेलंच न्हाय."

त्या उरलेल्या निम्म्यावर मी एक पाऊलही टाकलं नव्हतं.

"लई चांगला हाय, काकू," मी म्हटलं आणि त्यांच्या मांडीत तोंड खुपसून हुंदके देत राहिले. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या. त्यांना वाटलं, आप्पांच्या आठवणीने रडतेय.