पेटीत राहिलेला चष्मा

महाडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळे मोजायचं काम मी करायचे. एकदा पोलादपूरकडचे एक काका आले. मुंबईत नोकरीला असताना त्यांनी लेझर करून चष्मा घालवला होता, तरी बोलताना नाकावरचा नसलेला चष्मा बोटानं वर सारायचे. लेझर केलेल्या डोळ्याचं माप फसवं येतं आणि बसवायच्या भिंगाचा नंबर चुकू शकतो, म्हणून मी चष्म्याचा जुना नंबर विचारला. तो त्यांना आठवेना. पुढच्या खेपेला त्यांनी रुमालात गुंडाळलेला जाड काचांचा चष्माच आणला.

"बायकोच्या पेटीत गावला. मी तेव्हाच फेकून दे म्हटलं होतं. आता ती पण नाय."

"मग त्यांनी ठेवला कशाला?"

"तिला मी चष्म्यातलाच आवडायचो."

त्या चष्म्यावरून डॉक्टरांनी हिशेब जुळवला आणि पुढे ऑपरेशन चांगलं झालं. पण मला आठवतो तो त्याच दिवसाचा प्रसंग. काचांचा नंबर काढून मी चष्मा परत दिला, तर काकांनी तो डोळ्यांवर चढवला आणि भिंतीवरच्या आरशासमोर जाऊन उभे राहिले.

"काका, यातून काही दिसतंय का?"

"काय नाय दिसत गो," ते म्हणाले, आणि तसेच उभे राहिले.