ढगांखालचं वावर

यवतमाळच्या आमच्या कार्यालयात उपग्रहाच्या चित्रांचं भांडार माझ्याकडे होतं. जिल्ह्यातल्या जमिनीची वर्षानुवर्षांची चित्रं जपायची आणि अर्ज करील त्याला शिक्का मारून प्रत द्यायची, एवढंच काम. नातेवाइकांना वाटायचं, मी अंतराळ खात्यातला मोठा माणूस. प्रत्यक्षात मी एक खोली, एक कूलर आणि कायम भरत आलेल्या हार्ड डिस्क यांचा रखवालदार होतो.

डिस्क भरल्या तरी नव्या मिळत नसत. मग मीच नियम केला: दर वर्षाचं एकच चित्र ठेवायचं, एप्रिलचं, निरभ्र. पावसाळ्यातली चित्रं उघडावीत तर पिंजलेल्या कापसासारखे नुसते ढग. असला कचरा कोण सांभाळणार? सगळी पुसून टाकली. साहेबांनी बैठकीत माझं कौतुक केलं आणि, खोटं कशाला सांगू, आठवडाभर मी त्या हवेतच होतो.

दोनेक वर्षांनी पांढरकवड्याकडच्या एका पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून, एक बाई आली. जंगलाला लागून तिचं तीन एकर वावर होतं. सासऱ्यापासून कसत आलेलं, पण सातबारा नाही. वनहक्काचा दावा मंजूर व्हायचा तर कायद्यानं ठरवलेल्या तारखेआधी तिथं शेती होती, हे दाखवायला हवं होतं. समितीनं सांगितलं होतं, उपग्रहाचं चित्र आणा.

मी एप्रिलची चित्रं काढली. तिची जमीन बरड, उताराची. ज्वारी नि उडीद, दिवाळीच्या आत सगळं घरी. एप्रिलमध्ये तिथं काय दिसणार? उघडी माती आणि भोवती पानं गाळलेला साग. जंगल कुठं संपतं नि वावर कुठं सुरू होतं, ते मलाही सांगता येईना.

"मावशी, यात पीक दिसत नाही," मी म्हणालो. "पावसाळ्यातली चित्रं आमच्याकडे नाहीत. ढग असायचे, म्हणून ठेवली नाहीत."

ती पडद्याकडे बघतच म्हणाली, "ढग असते तवाच तं पेरतो जी आमी. तेच काहून फेकले?"

'पावसाळी चित्र उपलब्ध नाही' असा दाखला मी तिला दिला, सही-शिक्क्यानिशी. मी पुसलं, असं त्यात लिहिलं नाही. त्याच दाखल्यावर तिचा दावा फेटाळला गेला.

निवृत्त झाल्यावर कळलं की परदेशातल्या एका भांडारात आपल्या जिल्ह्याची जुनी चित्रं फुकट मिळतात, ढगांसकट. त्यांनी काही फेकलंच नव्हतं. ती आधीपासून तिथं होती. मी माझ्या खोलीबाहेर कधी शोधलंच नव्हतं. घरी बसून एकेक ऑगस्ट, एकेक सप्टेंबर उतरवून घेतला. शेवटी कायद्याच्या तारखेआधीच्या एका चित्रात पोडाच्या वर ढगांना भोक पडलेलं सापडलं. खाली जंगलाच्या गर्द हिरव्यात एकमेकांना चिकटलेले तेरा-चौदा फिके हिरवे ठिपके, आणि त्यांची कड सरळ. जंगलाची कड कधी सरळ नसते. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

छापील प्रत घेऊन एसटीनं पोडावर गेलो. वावराला वनखात्याचं तारेचं कुंपण होतं, आत सागाची रोपं. ती तिथंच रोजीवर तण काढत होती. मी तिला कागद दाखवला. तिनं हात लुगड्याला पुसून त्या फिक्या ठिपक्यांवर बोट ठेवलं. "हे माहं वावर," ती म्हणाली. मी अपिलाचं, पुन्हा अर्जाचं काहीबाही बोलत राहिलो. तिनं ते मधेच तोडून कागद घडी घालून माझ्या हातात दिला.

"तुमच्यापाशीच ठेवा जी. आता तरी फेकू नोका."