आत्याचं वर्तुळ

फॉर्मवरचा तो रकाना मी स्वतः भरला होता. 'कुटुंबात कुणाला कर्करोग होता का?' मी लिहिलं, 'नाही', आणि खाली एक रेघ ओढली. पोरांच्या पेपरात बरोबर उत्तराखाली ओढतो तशी.

हे नांदेडला, अक्काच्या ऑपरेशनच्या आधी. अक्का माझी थोरली बहीण, अर्धापूरला दिलेली. पोट फुगलं म्हणून दाखवायला नेलं तर अंडाशयाचा कर्करोग निघाला. फॉर्म तिच्या हातात दिला होता. तिनं तो न वाचताच माझ्याकडं सरकवला.

"तूच लिही. एवढं शिकीवलंय कशाला तुला?"

खोटं नव्हतं ते. आम्ही मुखेडचे. वडील, आमचे अण्णा, अडतीवर पोती वाहायचे. अक्काची शाळा सातवीत सुटली, माझी सुटू दिली नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. लातूरच्या माझ्या दारावरची पाटी बघा, नावापेक्षा पदव्याच ठळक दिसतील. वीसेक वर्षं मी लातुरात क्लासला जीवशास्त्र शिकवतोय. पत्र्याच्या खोलीत चाळीस पोरं होती तेव्हापासून. आता हॉल आहे, माईक आहे, मागच्या बाकांसाठी टीव्ही आहेत. आनुवंशिकता माझा हातखंडा. वंशावळीची गणितं तर मी पाठमोरा उभा राहून सोडवतो. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. आजार असेल तर आतून काळं करायचं. माणूस गेलेलं असेल तर वरून तिरपी रेघ.

दीड वर्षानं अक्काचा आजार परतला.

या वेळी जी डॉक्टर भेटली ती माझीच विद्यार्थिनी. एकेकाळी दुसऱ्या बाकावर बसायची, फार प्रश्न विचारायची. आता मोठ्या शहरात कर्करोगावर संशोधन करते आणि महिन्यातून एकदा नांदेडला पेशंट बघायला येते. अक्कानं जाताना घरच्या केळीची फणी नेली होती. ती तिनं थेट टेबलावरच्या कागदांवर ठेवली.

"खा गं बाई. वाळून चाललीस."

डॉक्टर हसली. मग जुना फॉर्म उलटून बघत राहिली. "सर, हे अक्षर तुमचं."

"हो."

"नक्की कुणी नाही?"

"नाही. आईकडं तीन मावश्या, तिघी धडधाकट. आजी म्हातारी होऊन गेली."

"आणि वडिलांकडं?"

बायकांचा आजार म्हणून मी आईकडच्या बायका मोजल्या होत्या. दरवर्षी पोरांना दम देऊन सांगतो, हा दोष बापाकडूनही येतो रे, लेकात आणि लेकीत सारखाच उतरतो. विसरलं की अर्धे गुण कापतो. आणि स्वतःच्या बहिणीच्या फॉर्मवर मीच ते विसरलो होतो.

"वडिलांना एकच बहीण होती," मी म्हणालो. "किल्लारीजवळ दिली होती. ती आणि तिचा नवरा भूकंपात गेले."

हे वाक्य मी आयुष्यात कितीदा म्हटलं असेल. लातूरकडं भूकंपात गेलेलं माणूस असणं ही एक ओळख असते. ओळख निघाली की दोन्ही बाजूंनी मान हलते, चहा येतो. मी तर वर्गातही सांगायचो. सांगताना आवाज थोडा खाली न्यायचो. पोरं गप्प बसायची.

डॉक्टरनं कोऱ्या कागदावर वंशावळ काढायला घेतली. वडिलांचा चौकोन, शेजारी आत्याचं वर्तुळ, वरून तिरपी रेघ. बाजूला लिहिलं, भूकंप.

अक्का टेबलावर वाकून बघत होती. "हे काय काढून राहिलीस?"

"ही तुमची आत्या. ज्याला अंगात कुठंही अशी गाठ होती त्याचं चिन्ह आतून काळं करायचं असतं."

"मग कर की काळं," अक्का म्हणाली.

मी तिच्याकडं वळलो.

"काय म्हणालीस?"

"आत्याच्या छातीत गाठ होती. फुटली होती. मीच पट्टी बांधायची. लई वास यायचा. दोन महिने होते मी तिथं. गणपतीला म्हणून घरी आले अन् तिकडं विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटं सगळं खाली आलं."

मी तेव्हा नववीत होतो. अक्का आत्याकडं गेली होती ती कामाला हात लावायला, असं मला सांगितलं होतं. मी विचारलंही नव्हतं, कसल्या कामाला.

"मग तू बोलली का नाहीस कधी?"

"अण्णानं शपथ घातली होती. माझं लग्न जमवायचं होतं. रोगट घराणं म्हणतील म्हणून. भूकंप झाल्यावर तर कुणी विचारलंच न्हाई. गावच्या गाव गेलं, तिला कशानं मेली म्हणून कोण विचारतंय? अण्णा रडला. पण सुटल्यासारखाही दिसला मला."

"अगं, पण फॉर्म भरताना तरी..."

"फॉर्मवर मेली कशानं तेच लिहितेत ना? मेली तर भिंतीखाली. अन् तिचं छातीत होतं, माझं पोटात. एकच हाय हे मला कोण सांगणार? तू सांगायचंस. तू शिकलेला."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. ती सरळ विचारत होती.

डॉक्टरनं आत्याचं वर्तुळ काळं केलं. सावकाश, कडेपर्यंत. मग अक्काचं.

"छातीचा आणि अंडाशयाचा, दोन्ही एकाच बिघडलेल्या जनुकानं होऊ शकतात," ती अक्काला म्हणाली. "ते जनुक बिघडलं की गाठीतल्या पेशीला आपला तुटलेला डीएनए नीट सांधता येत नाही. मग ती दुसऱ्या, कच्च्या रस्त्यानं काम भागवते. यावर आता गोळ्या आहेत, त्या तो कच्चा रस्ताही बंद करतात. पेशी अडकते आणि मरते. पण बिघाड तोच असला तर त्यांचा खरा उपयोग."

"मग द्या की गोळ्या."

"आधी रक्त तपासावं लागेल, अक्का. खरं तर घरात कुणी नसलं तरी तपासायलाच हवं होतं. फॉर्मवर 'नाही' होतं, म्हणून राहून गेलं."

माझ्याकडं तिनं बघितलं नाही. विद्यार्थिनी होती ना. सरांचा मान राखला. तो मान मला त्या दिवशी सोसवला नाही.

बाहेर पडताना मी तिला विचारलं, "संशोधनात तुमचं सगळ्यात अवघड काम कोणतं?"

"आत्या शोधणं," ती म्हणाली. "यंत्र आहे, औषध आहे. आपल्याकडं घरोघरी अशी एक आत्या असते, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही."

तीन आठवड्यांनी फोन आला तेव्हा मी दोन बॅचच्या मध्ये जिन्यात उभा होतो. दोष सापडला होता, तोच. खालून दोनशे पोरं वर येत होती. "सर, सरका," कुणीतरी म्हणालं. मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. आनंद कसला मानायचा ते कळत नव्हतं. बहिणीला आजार रक्तातूनच आलाय, म्हणून औषध लागू पडणार होतं. आणि हे दीड वर्षापूर्वीच कळलं असतं, माझ्या त्या एका शब्दाखाली रेघ नसती तर.

केमोच्या फेऱ्या पुन्हा झाल्या, मग गोळ्या सुरू झाल्या. अक्काला मळमळतं, रक्त कमी होतं, तोंडाला चव नसते. पण चार महिन्यांनी फोटो काढला तेव्हा गाठी आकसलेल्या होत्या. किती दिवस आकसलेल्या राहतील ते डॉक्टर सांगत नाही. मीही विचारत नाही. अक्का मात्र केळीच्या बागेत जाऊन येते आणि गड्यांवर ओरडते.

आता पाळी माझी. दोष वडिलांकडून आला असेल तर माझ्यात असण्याची शक्यता अर्धी. माझ्यात असेल तर माझ्या लेकीत असण्याचीही अर्धी. हे गणित मी हजारो पोरांना घातलंय. लेक बारावीला आहे, माझ्याच हॉलमध्ये तिसऱ्या बाकावर बसते. त्या धड्याला या वर्षी मी तिच्याकडं न बघता शिकवलं.

रक्त द्यायला नांदेडला गेलो तेव्हा अक्का बरोबर आली. फॉर्म आला. तोच रकाना. मी पेन काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"मी? माझं अक्षर बघितलंस का?"

"तूच लिही."

तिनं फॉर्म मांडीवर घेतला. सातवीत सुटलेलं अक्षर, एकेक काना दाबून. आत्या. छातीत गाठ. मग पेन उचलून तिनं विचारलं, "भूकंपाचं लिहू का न्हाई?"

"तेही लिही," मी म्हणालो. "पण गाठीच्या खाली."