मनगटाची सुतळी

नांदुऱ्याच्या बाजारात नव्या सुतळीचा वास आला की मला आमचं अंगण आठवतं. बाबा तोफखान्यातून रिटायर होऊन आले ते कान तिकडेच ठेवून. कानाचं मशीन त्यांनी डब्यात टाकलं, म्हणाले, "भांडं पडलं तरी तोफ सुटते त्याच्यात." मग आईनेच उपाय काढला. अंगणात बाजेवर बसणाऱ्या बाबांच्या मनगटाला सुतळी बांधायची आणि तिचं दुसरं टोक स्वयंपाकघराच्या खिडकीला. भाकरी झाल्या की ती एक झटका द्यायची. तिची तेरवी आटोपून पाहुणे गेले, त्या दुपारी मी थकून गेले होते; ताट वाढलं आणि विचार न करता सुतळी ओढली. बाबा ताडकन उठले. "आलो वं, काऊन इतकी ओढून राह्यली!" म्हणत हसतच दारापर्यंत आले, आणि मला पाहून चौकट धरून थांबले. "अच्छा, तू हाय का बाई," एवढंच बोलले. त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. बाबा अजून रोज सकाळी दातांनी गाठ आवळून सुतळी मनगटाला बांधतात, आणि गुडघे कितीही दुखत असले तरी मी ताट घेऊन अंगणात त्यांच्यासमोर जाऊन उभी राहते.