पारंपरिक यांची सही कुठून आणू?

मंडळी, आज डोकं पार उठलंय, म्हणून इथे लिहितेय.

येवल्याजवळच्या खेड्यात माझी सुमनमावशी राहते. ती लग्नात हळदीची गाणी म्हणते. तिने ती तिच्या आजीकडून ऐकली, आजीने कुणाकडून ऐकली ते कुणालाच माहीत नाही. गेल्या महिन्यात मी नाशिकहून मुद्दाम जाऊन तिचं एक गाणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि माझ्या चॅनलवर टाकलं. मध्येच कुकरची शिट्टीसुद्धा आहे त्यात.

आज सकाळी मेल आला. एका म्युझिक कंपनीने गाण्यावर कॉपीराइटचा दावा केलाय, म्हणून व्हिडिओ बंद. शोधलं तर कळलं, याच गाण्याला डीजेचे ठोके लावून त्यांनी ते मागच्या वर्षी बाजारात आणलंय. म्हणजे चोर आम्हीच.

मी हरकतीचा फॉर्म भरला. 'मूळ गीतकार' या रकान्यात आपण सगळे लिहितो तेच लिहिलं, 'पारंपरिक'.

दुपारी उत्तर आलं: 'कृपया पारंपरिक यांचे सही केलेले संमतीपत्र जोडावे.'

समजावून सांगायला पलीकडे माणूसच नाही. शेवटी मावशीला फोन करून सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "आगं, मंग रविवारी पिंकीच्या हळदीला म्हणू का नको? का त्या कंपनीला इचारावं लागंल?"



तुमच्यापैकी कुणी या पारंपरिकांना ओळखत असेल, तर त्यांचा पत्ता द्या. रविवारच्या आत सही हवीय.