लेकीला साडीचोळी, वाटा नाही

तुमचा बाप अर्धांगानं आडवा पडला, तर त्याचं हगणं-मुतणं तुम्ही किती दिवस काढाल? खरं बोला. थोडे दिवस बायकोवर ढकलाल, मग भिंगारपुढच्या माळावर, धर्मादाय दवाखान्यात आणून टाकाल. तिथं वर्षानुवर्षं खाटेला खिळलेली माणसं आहेत, आणि त्यांना उलटंपालटं करायला मालनबाई आहे.

मालनबाई अकोले तालुक्यातली. रीतसर शिकलेली, परीक्षा पास झालेली नर्स. जुन्या हेड सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हापासून वॉर्डाच्या किल्ल्या हिच्या कमरेला, कमिटीची बोलणी हिला, पगार मात्र साध्या नर्सचा. “ती जागा तुझीच,” असं अध्यक्ष श्रीमंतराव म्हणत राहिले. मग दुष्काळाचं निमित्त सांगून जागा भरणं लांबवलं. दुष्काळ सरायच्या आत जागा भरलीसुद्धा. कोण? कमिटीच्या चिटणिसांची भाची, कालपरवा पास झालेली.

मालनबाईला काय, तर सत्कार. मांडव, नारळ, साडीचोळी. मी मागं उभा होतो.

श्रीमंतराव म्हणाले, “मालन आपल्या संस्थेची लेक आहे.” टाळ्या पडल्या.

तिनं साडीला हात लावला नाही. “आण्णा, लेक म्हंता, मंग माझा वाटा कुटं हाय?”

“अगं, लेकीला साडीचोळी असते. वाटा असतो का कुठं?”

अख्खा मांडव हसला. हसणारच. बहिणीला साडी नेसवून हक्कसोडीवर तिचा अंगठा घेतलेले भाऊच बसले होते तिथं.

“न्हाई ना? मंग लेक नगा म्हनू. मी कामावर हाय. काम हेड सिस्टरचं करती, तर जागा द्या, पगार द्या.”

चिटणीस मध्ये पडले. “बाई, सेवेचा मोबदला मागू नये.”

“तुमची भाची फुकट करनार हाय व्हय?”

आता कमिटी म्हणते, बाई उद्धट, भर मांडवात साडी नाकारली. सोमवारी तिला कामावरून काढायची बैठक आहे. श्रीमंतरावांना मी ओळखून आहे, त्यांच्याबद्दल शाई वाया घालवत नाही. माझं डोकं फिरलंय ते हसणाऱ्यांवर. त्यांतल्या कितीजणांचे आईबाप आत खाटेवर आहेत, हिच्या हातचं पाणी पिऊन जगताहेत.

तुमचंही कुणी तिथं असेल, तर सोमवारी बैठकीआधी फाटकाशी या. लाजू नका, आत शिरा, आणि कमिटीच्या तोंडावर सांगा: आमच्या माणसाला हीच बाई पाहिजे, आणि हेड सिस्टर म्हणून पाहिजे.