अंबाडीखालचा गाळ

ईश्वर गजभिये जेवायला बसला की हल्ली त्याचं लक्ष स्वतःच्या ताटात नसे, लेकीच्या ताटात असे. मैत्रेयी पाचव्या महिन्यात माहेरी आली होती आणि तिला डोहाळे लागले होते आंबटाचे. परसात कमरेएवढी अंबाडी माजली होती. द्रौपदी रोज ओंजळभर पानं खुडायची, लसणाची फोडणी द्यायची, आणि पोरगी भाताबरोबर ती हिरवीगार भाजी बोटं चाटून खायची. ईश्वर तिचा एकेक घास मोजायचा.

"रोज रोज इतकं आंबट बरं नाही," तो म्हणाला. "पित्त होईल."

"आता काहून?" द्रौपदी म्हणाली. "इतकी वर्षं तुम्हीच मागून मागून खाल्ली ना? पोरीले खावंसं वाटते तर खाऊ द्या तिले."

खरं कारण सांगायची हिंमत नव्हती आणि खोटं कारण टिकत नव्हतं. तो पाणी प्यायला उठला, परत बसला, पुन्हा उठला.

हा माणूस भंडाऱ्याचा. लखनऊला येऊन सत्तावीस वर्षं झाली, आणि ती सगळी एका सरकारी प्रयोगशाळेत सहायक म्हणून गेली. काम एकच. शहराभोवतीच्या उथळ तळ्यांत गुडघाभर पाण्यात उतरायचं, तळाचा गाळ पिशवीत भरायचा, आणून वाळवायचा, खलात कुटायचा, आम्लात उकळून यंत्राला लावायचा. त्यात शिसं किती, कॅडमियम किती, ते यंत्र सांगे. प्रत्येक पिशवीवर ईश्वरच्या हातची चिठ्ठी असे: नमुन्याचं नाव, तारीख, ठिकाण. अक्षर मोत्यासारखं. त्याच्या अधिकारी शर्मिष्ठा मॅडम नव्या भरतीला त्याच्या चिठ्ठ्या दाखवत आणि म्हणत, नमुना असा लिहितात.

आता अशा माणसाने स्वतःच्या घरात काय करावं? सहा वर्षांपूर्वी सरोजिनी नगरातल्या त्यांच्या घरामागचं तळं उपसलं गेलं. काळाभोर, लोण्यासारखा गाळ ट्रॉल्या भरभरून चालला होता. तो पाहून ईश्वरचं भान हरपलं. त्याच्या गावी उन्हाळ्यात बोडी, म्हणजे शेताजवळचं लहान तळं, आटली की तळचा गाळ शेतात टाकायला गावभर झुंबड उडे. त्याचे वडील राजाराम त्या गाळाला हात लावून मग तो कपाळाला लावत. ईश्वरने एक अख्खी ट्रॉली परसात ओतून घेतली. द्रौपदीने भंडाऱ्याहून बी मागवलं, कारण इथल्या सब्जीवाल्यांना अंबाडी ठाऊकच नव्हती. गाळ तपासायला हवा, हे गाळ तपासून पोट भरणाऱ्याच्या मनातही आलं नाही. गावाकडचा गाळ कधी कुणी तपासला होता?

इथवरची चूक मी त्याला माफ करीन. पुढची नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच तळ्याचे नमुने त्याच्याच टेबलावर आले. तळ्यात येणाऱ्या नाल्यावर जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या शेड होत्या, आणि तळाशी वर्षानुवर्षं शिसं साचलं होतं. आकडे ईश्वरने स्वतः लिहून घेतले. संध्याकाळी घरी येऊन तो वाफ्यापाशी उभा राहिला. द्रौपदी गुणगुणत खुडत होती. इतके पावसाळे गेले, त्याने मनाला समजावलं, वर शेणखत पडलंय, आपल्या मातीत आता कुठलं शिसं? त्या चार हातांच्या वाफ्यात बायकोचं अख्खं माहेर होतं. तो गप्प बसला, आणि भाजी खात राहिला.

आता मात्र खाणारी एक नव्हती, दोन होती.

सोमवारी सकाळी द्रौपदी दूध आणायला गेल्यावर त्याने वाफ्यातली माती पिशवीत भरली. प्रयोगशाळेत त्याच तळ्याच्या नव्या बारा नमुन्यांशेजारी ती ठेवली आणि चिठ्ठीवर लिहिलं: क्रमांक तेरा, तळं, पश्चिम काठ. सत्तावीस वर्षांतली ही पहिली खोटी चिठ्ठी. पुढचे तीन दिवस त्याने घरात कुणाला धड बसू दिलं नाही. भाजीत मीठ जास्त झालंय म्हणाला, पानांना कीड आहे म्हणाला. मैत्रेयी हसून म्हणाली, "पापा, आप आराम से बैठो ना यार!"

गुरुवारी शर्मिष्ठा मॅडमनी कागद समोर धरला. "ईश्वर जी, ये तेरह नंबर कहाँ का है? इसमें तो जड़ें हैं, गोबर है। और सीसा फिर भी उतना ही, जितना तालाब में।"

"घर का है, मैडम।"

मॅडमनी चष्मा काढला. "उसमें उगा हुआ कोई खाता है?"

ईश्वरने कागद घेऊन खिशात घातला. त्याने स्कूटर काढली.

तो पोचला तेव्हा ताटं वाढली होती. त्याने मैत्रेयीच्या पुढ्यातली भाजीची वाटी उचलली आणि मोरीत उपडी केली. मग उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: तळं, बॅटऱ्या, शिसं, तेरा नंबर. द्रौपदीच्या हातातली पळी तशीच राहिली.

"तुमाले कधी कळलं?" तिने विचारलं.

'आज' म्हणता आलं असतं. कागद आजचाच होता, खिशातही होता. पण एक खोटी चिठ्ठी त्याला तीन दिवस झोपू देत नव्हती.

"तळ्याचं दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं."

"दो साल?" मैत्रेयी म्हणाली. "आपको पता था पापा? और आप मुझे रोज़ खाते हुए देखते रहे?"

हो, पाहत राहिला. ईश्वरला फार लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली. द्रौपदी परसात गेली. अंबाडी मुळासकट उपटल्याचे आवाज बराच वेळ आत येत राहिले. तो मदतीला गेला, तर तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं. लॅबमध्ये मैत्रेयीच्या हातातून रक्त काढलं गेलं. काउंटरवरच्या बाईंची धांदल चालली होती. त्यांनी नळी आणि कोरी चिठ्ठी ईश्वरपुढे सरकवली. "भैया, नाम और तारीख लिख दीजिए।"

त्याने नाव लिहिलं, तारीख लिहिली. हात सवयीने तिसऱ्या ओळीवर गेला, 'ठिकाण' लिहून थांबला.

मैत्रेयी कोपरावर कापूस दाबून शेजारी उभी होती. कालपासून ती त्याच्याशी बोलली नव्हती.

"लिखिए पापा," ती म्हणाली. "सही वाला।"

ईश्वरने घरचा पूर्ण पत्ता लिहिला, गल्लीच्या नंबरासकट. मग चिठ्ठी चिकटवायला त्याने नळी हातात घेतली. आजवरचे त्याचे सगळे नमुने गार असायचे. हा अजून कोमट होता.